एर्त्सगेबिर्गेचा लाकडी गोठा: ठाण्यातल्या दोन नाताळांनंतरचा अभिप्राय

चरईतल्या आमच्या घरी नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडण्याचे काम गेली पंचवीस वर्षे माझ्याकडे आहे आणि त्यातली बावीस वर्षे मी तो सासूबाईंच्या प्लास्टरच्या संचावर भागवला. जांभळी नाक्याच्या बाजारातून त्यांनी आणलेल्या त्या संचातील योसेफाचा उजवा हात दोनदा चिकटवलेला होता. मूळचा बैल फुटल्यावर बाजारात मिळाला तो बैल आणल्यामुळे त्याचे डोके मरियेच्या डोक्यापेक्षा वर जात असे. तरीही तो संच बदलावा असे कधी वाटले नाही. तीन वर्षांपूर्वी योसेफाचे डोकेच निखळले, तेव्हा ठाण्यातल्याच एका दुकानातून ‘जर्मन हस्तकला, अस्सल लाकूड’ अशी चिठ्ठी लावलेला गोठा मी बऱ्यापैकी किंमत मोजून घेतला. घरी आल्यावर बूड खरवडून पाहिले, तर आत पांढरी रेझिनची ओतीव भुकटी निघाली. दुकानदाराने पावतीवर फक्त ‘सजावटीचे साहित्य’ एवढेच लिहिले असल्यामुळे तक्रार करायलाही जागा उरली नव्हती.

या फसवणुकीचा एक फायदा झाला. अस्सल वस्तू कशी असते हे पाहण्याची ईर्ष्या निर्माण झाली आणि माझा भाचा नेमका जर्मनीतल्या फ्रायबेर्गला, १७६५ साली स्थापन झालेल्या तिथल्या खाणविद्यापीठात शिकत असल्यामुळे ती पुरीही झाली. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात सुट्टीवर येताना त्याने एर्त्सगेबिर्गे या डोंगराळ प्रदेशातल्या झाइफेन या गावातल्या एका कौटुंबिक कार्यशाळेतून तीन वस्तू आणल्या. पहिली म्हणजे चौदा नगांचा गोठ्याचा संच, दुसरी त्यासाठीचे लाकडी छप्पर आणि तिसरी मेणबत्त्यांवर फिरणारा एक लहान मनोरा, ज्याला तिकडे ‘पिरॅमिड’ म्हणतात. तिन्ही वस्तू दोन नाताळ आणि मधला एक पावसाळा वापरून झाल्यावर हे लिहीत आहे, कारण लाकडी वस्तूचा अभिप्राय ठाण्याचा जुलै पाहिल्याशिवाय देऊ नये असे माझे मत आहे.

प्रथम चौदा नगांविषयी. मरिया, योसेफ, गव्हाणीतले बाळ, तीन ज्ञानी राजे, दोन मेंढपाळ, बैल, गाढव, तीन मेंढ्या आणि चौदावा एक खाणकामगार, ज्याच्याकडे मी पुढे येणार आहे. सर्वांत उंच राजा नऊ सेंटिमीटरचा आहे. माणसांच्या आकृती कातीव आहेत, म्हणजे पटाशीने कोरलेल्या नसून काताऱ्याच्या चरकावर फिरवून काढलेल्या आहेत, आणि या एका गोष्टीतून त्यांचे सगळे रूप ठरलेले आहे. चरकावर जे निघेल ते गोल निघते, त्यामुळे प्रत्येकाचे अंग एका शंकूचे आणि डोके एका गोळ्याचे आहे. हात वेगळे करून चिकटवलेले आहेत. चेहऱ्यावर डोळ्यांचे दोन ठिपके आणि गालांवर लालीचा पुसटसा हात, याहून अधिक काही नाही. कातीव मरियेला गुडघे टेकता येत नाहीत, म्हणून ती उभीच आहे आणि फक्त मान किंचित खाली घालून बसवलेली आहे. तो झुकाव मोजायला गेले तर फार तर पाच अंशांचा असेल, परंतु प्लास्टरच्या संचातल्या डोळे वर लावलेल्या, ओठ रंगवलेल्या मरियेपेक्षा ही मरिया कितीतरी अधिक आपल्या बाळाकडे पाहते आहे असे मला पहिल्याच संध्याकाळी वाटले आणि अजूनही वाटते. गुडघे टेकलेली, वस्त्राच्या चुण्या दिसणारी मरिया हवी असेल तर त्याच प्रदेशातले लिंडनच्या लाकडातले कोरीव संच मिळतात. ते फार महाग असतात आणि माझ्या दृष्टीने त्यांत या साध्या शंकूतली शांतता नाही.

मेंढ्या, बैल आणि गाढव यांची कहाणी निराळी आहे, आणि हा संच हातात घेऊन पाहण्याचे खरे कारण ही जनावरेच आहेत. झाइफेनच्या काताऱ्यांनी साधारण १८००च्या सुमारास एक युक्ती पक्की केली, जी आजही तिथले मोजकेच कारागीर करतात. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या खोडाची ओली चकती चरकावर चढवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंनी खोबणी कापत कापत एक कडे तयार करायचे. त्या कड्यात जनावर कुठेही दिसत नाही. दिसतात त्या फक्त वर्तुळाकार उंचवटे आणि घळी. मग पाचर ठेवून ते कडे केकसारखे फोडले की प्रत्येक फोडीच्या छेदात पाठ, पोट, पाय आणि डोके असलेली मेंढी उभी राहते आणि एका कड्यातून अशा डझनावारी मेंढ्या निघतात. कातणाऱ्याला काम चालू असताना आपली मेंढी दिसत नसते. ती चुकली की नाही हे कडे फोडल्यावरच कळते. फोड पाचरीच्या आकाराची असल्यामुळे जनावराचे एक टोक जरा जाड आणि दुसरे जरा बारीक येते. पुढे चाकूने ते गोलवले जाते, कान आणि शेपूट चिकटवतात आणि मग रंग देतात. माझ्या तिन्ही मेंढ्या शेजारी ठेवून वरून पाहिल्या तर तो निमुळतेपणा अजून ओळखू येतो. ज्या दुकानाने मला रेझिन विकले त्याच्या मेंढ्या सगळ्या बाजूंनी सारख्या गुबगुबीत होत्या, हे आता आठवते. लाकडाचे तंतू पायांच्या दिशेने उभे गेलेले असल्याने हे बारीक पाय सहज मोडत नाहीत. आमच्या मांजराने बैल दोनदा टेबलावरून पाडला आहे आणि दोन्ही वेळा तो चारही पायांनिशी परत जागेवर गेला आहे.

खाणीच्या मुलखात इतके कातारी आले कुठून, हा प्रश्न मला हा संच पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने विचारला आहे. जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात, झेक सीमेला लागून असलेल्या या डोंगरांच्या ‘एर्त्सगेबिर्गे’ या नावाचाच अर्थ धातूंचे डोंगर असा होतो. फ्रायबेर्गजवळ ११६८ साली चांदी सापडली आणि तेव्हापासून इथले माणूस जमिनीखाली जाऊ लागले. १४९६ साली वसलेले आन्नाबेर्ग चांदीवरच उभे राहिले आणि सीमेपलीकडच्या योआखिम्सटाल गावात पडणाऱ्या ‘टालर’ नाण्यावरून पुढे डॉलर हा शब्द आला. झाइफेनला चांदी नव्हती, तिथे कथील होते. गावाचे नाव ओढ्याच्या वाळूतून कथील धुऊन काढण्याच्या कामावरूनच पडलेले आहे. कथील हळूहळू सरत गेले, १९व्या शतकाच्या मध्याला तिथली खाण थांबली, पण डोंगरात जंगल होते, ओढ्यांना पाणी होते आणि खनिज कुटणारी यंत्रे ज्या पाण्यावर चालत त्याच पाण्यावर आता काताऱ्यांचे चरक फिरू लागले. म्हणजे ज्या घरांत पूर्वी पहार आणि हातोडा असे, त्याच घरांत चाकू आणि पटाशी आली आणि बायका-मुले रंगकामाला बसली. लाकडाचे हे काम छंदातून कमी आणि पोटासाठी अधिक वाढले, आणि त्यातली काटकसर, एका कड्यातून जितक्या मेंढ्या निघतील तितक्या काढण्याची ती हिशेबी नजर, मला या खेळण्यांच्या सौंदर्याचाच भाग वाटते. सीमेच्या दोन्ही बाजूंचा हा खाणप्रदेश २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आला असून त्यात एकूण २२ स्थळे आहेत.

आता त्या चौदाव्या नगाकडे येते. पांढरी विजार, काळा अंगरखा, उंच टोपी आणि हातात दिवा अशा पोशाखातला हा माणूस बेथलेहेमच्या मेंढपाळांच्या रांगेत उभा आहे. पाठमोरा करून पाहिला तर त्याच्या कमरेखाली चामड्याचा एक तुकडा बांधलेला दिसतो. खडकावर बसताना आणि उतारावरून घसरत खाली जाताना विजार टिकावी म्हणून खाणकामगार तो मागे बांधत असत. त्याचे जर्मन नाव भाच्याने सांगितले, परंतु ते इथे देण्यासारखे नाही. त्या प्रदेशात नाताळच्या दिवसांत खिडकीत मेणबत्ती धरलेले देवदूत आणि खाणकामगार ठेवतात. घरात जितक्या मुली तितके देवदूत आणि जितके मुलगे तितके खाणकामगार, असा जुना रिवाज. हिवाळ्यात पहाटे अंधारात खाणीत उतरायचे आणि अंधार पडल्यावर वर यायचे, अशा माणसांना उजेडाचे जे अप्रूप वाटणार त्याचा हा हिशेब आहे, आणि खाणीत नाताळपूर्वीच्या शेवटच्या पाळीला दिव्यांच्या उजेडात प्रार्थना करून काम संपवण्याची प्रथाही त्यातलीच. मेणबत्त्या लावलेली अर्धवर्तुळाकार कमान ही त्या डोंगरांची आणखी एक खूण. अशी सर्वांत जुनी ज्ञात धातूची कमान १७४० सालची आहे आणि तिचा आकार खाणीच्या तोंडावरून घेतला असे सांगितले जाते. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोला मांडलेल्या गोठ्याची परंपरा आपण कॅथलिक आपलीच मानतो. हे डोंगर मात्र १६व्या शतकापासून लूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, आहेत, आणि त्यांनी गोठा स्वीकारताना त्यात स्वतःच्या शेजाऱ्याला जागा करून दिली, हे मला फार आवडले. मांडणी पाहायला आलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी ‘हा पोलीस इथे कशाला?’ असे विचारले, तेव्हा मला ही सगळी हकीकत दारातच सांगावी लागली.

पिरॅमिडविषयी मात्र सावध राहावे. मूळ वस्तू सुंदर आहे यात शंका नाही. चार खांबांच्या मधोमध एक उभा दांडा, दांड्यावर मेंढपाळ आणि राजे यांची फिरती चकती, वर लाकडी पात्यांचा पंखा आणि खाली चार मेणबत्त्या. मेणबत्त्यांची ऊब वर चढते, तिरप्या पात्यांना रेटते आणि राजे गोल गोल चालू लागतात. खाणीतून खनिज ओढणाऱ्या घोड्यांच्या रहाटावर जे निमुळते छप्पर असे, त्याच्याशी या मनोऱ्याचे साम्य दाखवतात आणि चित्र पाहिल्यावर ते पटतेही. १९व्या शतकात स्वस्त मेणबत्त्या आल्यावर हे पिरॅमिड घरोघर पसरले. आमच्या घरात तो पहिल्या संध्याकाळी फिरला तेव्हा छताचा पंखा चालू होता आणि राजे उलटे, पाठीच्या दिशेने, भराभर पळू लागले. पंख्याचा वारा वरून खाली येतो आणि मेणबत्तीची ऊब खालून वर जाते, तेव्हा पात्यांनी कोणाचे ऐकावे हा साधा प्रश्न आहे. पंखा बंद केला तेव्हा राजे सरळ चालू लागले, पण अर्ध्या तासाने बैठकीत बसलेली माणसे उठून गॅलरीत गेली. डिसेंबरातही ठाण्याच्या भरल्या घरात पंख्याशिवाय बसवत नाही, हे जर्मन कारागिराला कोण सांगणार? त्यात मेणबत्त्यांचा घोळ आहे. पिरॅमिडला १४ मिलिमीटर जाडीच्या मेणबत्त्या लागतात आणि मोठ्या पिरॅमिडना १७ मिलिमीटरच्या. आपल्याकडे वाढदिवसाच्या मिळतात त्या फार बारीक आणि वीज गेल्यावर लावायच्या त्या फार जाड. मी जाड मेणबत्तीचे बूड चाकूने तासून बसवून पाहिले, ती कलंडली आणि मेण थेट योसेफावर सांडले. कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने ते निघाले, रंगाला काही झाले नाही, हा रंगाच्या बाजूने पुरावा समजावा. मेणबत्त्यांचे दोन-तीन डबे सोबत आणवता येत असतील तरच पिरॅमिड घ्यावा, आणि लहान मूल किंवा मांजर असलेल्या घराने तो पेटता सोडून मध्यरात्रीच्या मिस्सेला मुळीच जाऊ नये.

लाकडी छप्पर घेतले नसते तरी चालले असते. पातळ पट्ट्या चिकटवून केलेले ते छप्पर हीटरच्या कोरड्या हवेसाठी बनवलेले आहे. आमच्या खाडीकाठच्या हवेत ऑगस्टपर्यंत त्याच्या दोन पट्ट्या फुगून धनुष्यासारख्या वाकल्या होत्या. आकृत्यांना मात्र काही झाले नाही. मेंढ्यांच्या पोटाखाली, जिथे रंग नाही, तिथे पावसाळ्यात बुरशीची पांढरी पुटे आली होती, ती कोरड्या ब्रशने झटकली आणि दिवसभर सावलीत हवा दिली. आता सगळे नग वर्तमानपत्रात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते आणि डब्यात दोन लवंगा टाकते, कारण लाकडाच्या किड्याला सासूबाई लवंगच घालत असत.

छपराची उणीव दुसऱ्या वर्षी आमच्या इमारतीतल्या मुलांनी भरून काढली. एर्त्सगेबिर्गेतले खाणकामगार घरी ‘नाताळचे डोंगर’ उभारत असत. वरच्या भागात बेथलेहेम, खालच्या भागात उभा छेद दाखवलेली खाण, आणि रहाट, पाळणे, हातोडे चालवणारी माणसे असे सगळे हलते. भाच्याने मोबाइलवर त्याचे चित्र दाखवले तेव्हा ‘हा तर आपला किल्ला’ असे तळमजल्यावरचा बारा वर्षांचा मुलगा लगेच म्हणाला, आणि तो चुकला नव्हता. दिवाळीतला किल्ला अजून पार्किंगच्या कोपऱ्यात अर्धा उभा होता. त्याच विटा, तेच गोणपाट आणि तीच लाल माती वर आमच्या गॅलरीत आली. बालेकिल्ल्याच्या जागी गव्हाण बसली, नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या सुरुवातीला पेरलेली नाचणी माचीवर हिरवीगार उभी राहिली आणि खाली जिथे चोरदरवाजा असतो तिथे मुलांनी आडवे भुयार काढून त्यात छोटा दिवा ठेवला. चौदावा नग त्या भुयाराच्या तोंडाशी उभा केला. नऊ सेंटिमीटरच्या आकृती इतक्या मोठ्या मांडणीत हरवतील अशी मला भीती होती, परंतु डोंगर हाताशी असल्यामुळे त्या उलट अधिक शोभल्या. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर त्या जरा पोरक्या दिसतात.

किमतीबद्दल बोलायचे तर चौदा नगांना सुमारे ३०० युरो, म्हणजे आपले तीस हजारांच्या घरात रुपये पडले. छप्पर आणि पिरॅमिड धरून ही रक्कम दीडपट झाली. रक्कम थोडी नाही. त्याच पैशांत प्लास्टरचे पंधरा संच येतील, आणि सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळांच्या आणि खेळण्यांच्या परड्या भरून आणता येतील. सावंतवाडीचा उल्लेख सहज केलेला नाही. तिथेही चरकच फिरतो, तिथेही रंगाला हात बसलेला आहे आणि ठाणे-वसई-मुंबईतली हजारो घरे दरवर्षी गोठा मांडतात, तरी सावंतवाडीच्या कारागिराने केलेला कातीव गोठ्याचा संच माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. आला तर मी तो घेईन आणि त्याबद्दलही लिहीन. तोवर, ज्यांना हा संच घ्यायचा आहे त्यांनी फक्त आकृती घ्याव्यात, त्याही एकदम चौदा न घेता. आधी मरिया, योसेफ, बाळ, एक मेंढी आणि खाणकामगार घ्यावेत, कारण तिथल्या कार्यशाळा सुटे नगही देतात आणि तिथली कुटुंबेही वर्षाला एखादा नग अशीच जोडत जातात. खोक्यावर ‘अस्सल एर्त्सगेबिर्गे’ या अर्थाचे तिथल्या कारागीर संघटनेचे जर्मन चिन्ह आहे का ते पाहावे आणि बुडाला नखाने खरवडून पाहायला लाजू नये.

कार्यशाळेच्या सेवेबद्दलही लिहायला हवे. खोके उघडले तेव्हा एका मेंढीला एकच कान होता. मधमाशीच्या पंखाएवढा तो चामड्याचा तुकडा प्रवासात पडला की मुळातच चिकटवायचा राहिला, हे कळायला मार्ग नव्हता. माहितीपत्रक फक्त जर्मनमध्ये होते, म्हणून भाच्याकडून एक पत्र लिहवून घेतले आणि खरे तर विसरूनही गेले. मार्चमध्ये पाकीट आले. त्यात एका जाड कागदावर टोचलेले दोन कान, गोंदाची एक इवलीशी कुपी आणि हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी होती. मेंढीचा डावा कान की उजवा, हे आमच्या पत्रात लिहायचे राहिले होते, म्हणून त्यांनी दोन्ही पाठवले होते. डावा लावला. उजवा अजून माझ्याकडे एका आगपेटीत आहे. झाइफेनचे कारागीर अख्खा देखावा आगपेटीत बसवतात असे भाचा सांगतो, तेव्हा जागा पुष्कळ आहे.